मानाची होडी आधी

आमच्या वाडीत होड्या वर काढायच्या झाल्या की आधी मुंबईला फोन लावावा लागतो. हे मी थट्टेने सांगत नाही. समुद्र समोर, होड्या समोर, त्या ओढणारे हात समोर, पण पहिली होडी हलणार ती मुंबईचा माणूस आल्यावर. तो माणूस म्हणजे माझे मोठे दीर, आमचे भावोजी. ते आले की वाडी हलते. तोवर सगळे माडाखाली बसून विड्या ओढतात आणि आभाळाकडे बघतात.

मी बांद्याकडची. माहेरी भात, काजू आणि परसात चार आंबे. मान काय असतो हे मला लग्न होऊन इथे आल्यावर कुणी शिकवायची गरज नव्हती. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून माझ्या माहेरची दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण पालखी अडली तर देव थांबतो, त्याला कसली घाई? समुद्राला असते. हे किनाऱ्यावर जन्मलेल्यांना डोंगराकडून आलेल्या बाईने सांगावं लागलं, आणि सांगूनही काही उपयोग झाला नाही.

जून लागायच्या आत सगळ्या होड्या वर माडांच्या बागेत यायला हव्यात. त्यानंतरचा समुद्र आपला नसतो. वाळूवर ओंडके आडवे टाकायचे, त्यांना इंजिनचं जळकं ऑइल चोपडायचं, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, जाड दोर बांधायचा आणि वाडीतल्या पुरुषांनी मिळून तो ओढायचा. होडी पुढे सरकली की मागचा ओंडका मोकळा होतो. तो उचलून धावत पुढे नेऊन टाकायचा, हे बायकांचं काम. दोराला बायकांनी हात लावायचा नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. तेलाने माखलेला ओंडका छातीशी धरून ओल्या वाळूत धावणं मात्र चालतं. पहिल्याच वर्षी मी तो पायावर पाडून घेतला, अंगठ्याचं नख गेलं, आणि सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आता तू हयची झालंस."

पहिली ओढायची ती थोरल्या घरची होडी, मानाची. तिच्यापुढे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचं, नारळ फोडायचा, थोरल्या घरच्या थोरल्या मुलाने दोराला पहिला हात लावायचा. ती वर आली की मग बाकीच्यांच्या. थोरलं घर आमचंच, पण माझा नवरा धाकटा. भावोजी तरुणपणीच नोकरीला मुंबईला गेले ते तिथलेच झाले. होडी त्यांच्या वाट्याला आली, कारण मान तिच्यावर होता. माझ्या नवऱ्याने आपल्यासाठी वेगळी बांधून घेतली, फणसाच्या लाकडाची, आणि तिच्यावर आमचं घर चाललं. मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, सगळं त्या होडीने केलं.

मानाच्या होडीने काय केलं? भावोजींनी ती एका बाहेरगावच्या ठेकेदाराला देऊन टाकली. त्याने तिच्यावर नारिंगी ताडपत्रीचं छत चढवलं, दोन्ही बाजूंना बाकडी ठोकली आणि नाळेवर दात दाखवणारा डॉल्फिन रंगवला. हंगामभर पर्यटक तिच्यातून ओरडत जातात आणि पिवळे पडून परत येतात. आणि मे संपत आला की तीच होडी एकदम देवाची होते. तिच्याआधी कुणी आपल्या होडीला दोर बांधला तर पाप लागतं. मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं की मान डॉल्फिनला आहे की आपल्याला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या वर्षी मे अजून सरला नव्हता तेव्हाच समुद्राचं पाणी बदलायला लागलं. मोबाईलवर इशारा आला, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, होड्या सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात. जेटीवरच्या लाऊडस्पीकरवरूनही तेच सांगत होते. संध्याकाळी वाडीतले पुरुष देवळासमोर जमले. माझ्या नवऱ्याने भावोजींना फोन लावला, स्पीकर चालू करून. मी मुद्दाम पाण्याचा तांब्या घेऊन तिथे जाऊन उभी राहिले.

"रविवारी येतंय म्हणान सांग सगळ्यांका," भावोजी म्हणाले. "तोवर कोणी दोराक हात लावूक नको."

तो बुधवार होता. इशारा शुक्रवारचा होता. हे दोन वार तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. "दादा येतलो मगे करूया," असं माझा नवरा म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोल समुद्रात दिशा न चुकणारी ही माणसं. वाऱ्याची झुळूक अंगावर आली की उद्या काय होणार ते सांगतात. आणि एका फोनपुढे सगळी गोगलगाय.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "तुमी भाऊच मां तेंचे? एकाच आवशीच्या पोटचे. तुमीच लावा दोराक पयलो हात."

"दादा आसा तोवर मान दादाचो. माझो हात कसो चलतलो?"

"आणि होडी गेली तर?"

"नाय जायत."

"कोणी सांगल्यान?"

त्याने पाट ओढला. जेवला आणि जाळं घेऊन बसला. हा माणूस रागावत नाही, ओरडत नाही, हात उचलत नाही. माहेरी सगळे म्हणतात, तुझं नशीब थोर. त्यांना काय सांगू? भिंतीवर डोकं आपटावं आणि भिंतीने आपल्याकडे मायेने बघावं, तसा संसार.

गुरुवारी सकाळी ठेकेदार ट्रॅक्टर घेऊन आला. त्याची निळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची तरंगती जेटी आहे, पर्यटकांना होडीत चढायला. त्याच्या माणसांनी ती सोडवली, ठोकळे ट्रॉलीत रचले. पाण्यावरच्या स्कूटर ओढून काढल्या. मानाच्या होडीवरचं इंजिन काढलं, लाइफ जॅकेट काढली, नारिंगी छतसुद्धा घडी करून नेलं. दुपारच्या आत त्याचं सगळं सामान घरी. मागे राहिली ती नुसती होडी, नांगरावर झुलत.

"ती पण ओढून द्या की ट्रॅक्टरने," मी त्याला म्हटलं.

"वहिनी, ते तुमच्या लोकांचं धार्मिक आहे," तो म्हणाला. "त्यात मी पडत नाही."

बघा किती समजूतदार माणूस. हंगामभर तिच्या जिवावर कमावलं तेव्हा धर्म आड आला नाही. माझा राग त्याच्यावर जास्त वेळ टिकला नाही, कारण तो परका होता आणि आपलं सामान वाचवत होता. आपली माणसं तेवढंही करत नव्हती. ट्रॅक्टर निघाला तेव्हा माझा नवरा तिथेच उभा होता. मी त्याला खुणावलं, निदान आपली तरी ओढून घेऊ. त्याने मान फिरवली.

आमची होडी सगळ्यात टोकाला, खडपाजवळ, म्हणजे खडकाळ भागाजवळ असते. तीही जागा मानाप्रमाणे. थोरल्याची मध्ये, मऊ वाळूवर, आणि धाकट्याने कडेला राहायचं. चांगल्या हवेत काही वाटत नाही. पण वारा फिरला की तिथे पाणी उसळतं, आणि मागे काळे खडक.

शुक्रवारी उजाडलं तेच पिवळट. वारा दक्षिणेकडून. कावळे बागेत खाली उतरून बसले होते. लाटा नेहमीच्या खुणेच्या वर यायला लागल्या तेव्हा कुठे पुरुष माडाखालून उठले. पुन्हा मुंबईला फोन. आणि भावोजींना युक्ती सुचली.

माझा नवरा धावत घरी आला, चार्जर शोधत. "दादा म्हणता, व्हिडिओ कॉल लाव. थयसूनच मान घेतंय."

मी हसले. हसू आलं ते रागाचं होतं, पण आलं. समुद्र पायाशी आला होता आणि आमचे हे मोबाईल चार्ज करत होते.

किनाऱ्यावर सगळी वाडी जमली. पुरुष दोराकडे, बायका ओंडक्यांकडे. मानाची होडी नांगर सोडून वाळूला टेकवली आणि नाळेला दोर बांधला. कॉल लागला तर भावोजी म्हणाले, थांबा, अंघोळ करून येतो. आम्ही थांबलो. भावोजी अंघोळ करून आले, कपाळाला गंध लावून, डोक्यावर टोपी घालून. मागे त्यांच्या फ्लॅटचा फ्रिज दिसत होता. नवऱ्याने मोबाईल होडीसमोर धरला.

"दिसणा नाय. जरा डावीकडे घे."

डावीकडे घेतला. वाऱ्याने आवाज जाईना. मग कुणीतरी म्हणालं, वर टेकाडावर रेंज चांगली येते. मग मोबाईल टेकाडावर, होडी खाली. मग होडी दिसेना. मग परत खाली. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे काका, वाऱ्यावर धोतर सावरत, हात जोडून सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, थोरल्या घरचो मान थोरल्यान घेतल्यान..." आणि पडद्यावर भावोजी थिजले. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. वाडी त्या थिजलेल्या तोंडाकडे बघत म्हणाली, "होय म्हाराजा."

कॉल तुटला. परत लागला. भावोजी म्हणाले, "माका काय ऐकूक नाय इला. परत पयल्यापासून घाला."

आणि काकांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. शेजारणीची होडी सगळ्यात खाली होती, लाट तिच्या काठावरून आत येत होती. शेजारणीचा नवरा हात जोडून उभा आणि ती बिचारी होडीकडे बघत रडत होती. मी पायाशी पडलेला ओंडका उचलला, मानाच्या होडीपुढून गेले आणि शेजारणीच्या होडीच्या नाळेखाली टाकला. मग दुसरा आणला. शेजारीण डोळे पुसून तिसरा घेऊन आली. मग तिची सासू. मग सगळ्याच. कुणी कुणाला काही बोललं नाही. बघता बघता मानाच्या होडीपुढे एक ओंडका राहिला नाही. ओंडक्याशिवाय होडी ओढून दाखवा, मान असो नाहीतर काही असो.

"ह्या काय चल्ला हा?" काका ओरडले.

"होडी काढतंय," मी ओरडले. "मुंबईत पाणी वाढला काय आमका कळवा!"

मग शेजारणीच्या नवऱ्याने मानाच्या होडीचा दोर सोडून आपल्या होडीचा धरला. एक गेला की बाकीच्यांना धीर येतो. सगळे आले. एक होडी वर गेली, मग दुसरी, मग तिसरी. बायका धावत होत्या, पडत होत्या, उठत होत्या. मला आठवतं ते तोंडात गेलेलं खारं पाणी आणि एक वेडा आनंद. आता आपलीही येणार. शेवटची असली तरी येणार.

माझा नवरा आला नाही. तो मानाच्या होडीजवळ उभा होता, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात तिचा दोर. एकटाच. लाटेने ती होडी पुन्हा पाण्यावर घेतली होती आणि तो तिला धरून होता. मी धावत गेले. म्हटलं, आपली राहिलीय, चला, सगळे तुमची वाट बघतायत.

"दादान सांगल्यान, हयसून हलू नको," तो म्हणाला. मोबाईल कानाला तसाच. "दादा लायनीर आसा."

मी तो मोबाईल हिसकावून घेतला नाही, याचा मला अजून राग येतो. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. आणि मोठी लाट आली. त्याच्या हातातून दोर गेला, तो गुडघ्यावर पडला, आणि मानाची होडी आडवी होऊन वाऱ्याबरोबर खडपाकडे निघाली. खडपाआधी आमची होडी होती. तिने आमचीला कुशीत मारलं आणि दोघी मिळून खडकावर गेल्या. बाकीचे पुरुष दोर टाकून धावले, पण त्या पाण्यात कुणी उतरू शकलं नसतं. मी स्वतःच त्यांना ओरडून मागे बोलावलं.

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. बायका गप्प बसल्या, त्यांचं बरं होतं. पुरुषांना मात्र बोलायचं होतं. शेजारणीचा नवरा, ज्याची होडी सगळ्यात आधी वर आली तो, चहाची कपबशी हातात घेऊन मला समजावत होता.

"वयनी, राग मानू नको. पण मान मोडलो म्हणान ह्या झाला. देवान दाखवल्यान."

"तुमची होडी खंय आसा?" मी विचारलं.

"वयर. बागेत."

"दोर तुमच्याच हातात होतो मां? सगळ्यांनी मिळान मान मोडलो. मगे देवाक माझीच होडी बरी गावली?"

तो चहा अर्धा टाकून उठला. माझा नवरा त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेला आणि मी ऐकावं इतक्या मोठ्याने म्हणाला, "तिचा मनार घेव नको." मला वाटलं होतं, मी ह्या घराची भाकरी वाचवायला धावले. आता माझ्या वतीने माफी मागितली जात होती, आणि तीही ज्याची होडी शाबूत होती त्या माणसाकडे.

भावोजी रविवारी आले, ठरल्याप्रमाणे. खडपावर गेले, त्यांच्या होडीची नाळ शोधून काढली. डॉल्फिनचे दात अजून तसेच होते. ती नाळ त्यांनी खांद्यावर घेऊन घरी आणली, पुसली, देवघराशेजारी उभी केली आणि हळद-कुंकू लावलं. माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला. "तुझी चूक नाय," म्हणाले. चूक कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी बांगड्याचं तिखलं करत होते.

आमच्या होडीच्या फळ्या किनाऱ्यावर विखुरल्या होत्या. त्या आणायला कुणी गेलं नाही. मी गेले. दोन खेपा, चार खेपा, डोक्यावरून आणल्या आणि न्हाणीच्या मागे रचल्या. पाऊस लागला तेव्हा सुकी लाकडं घरात फार नव्हती. मी त्या फळ्या कोयत्याने तोडून न्हाणीच्या चुलीत घालायला सुरुवात केली. डांबर लावलेलं लाकूड, भराभर पेटायचं, काळा धूर व्हायचा. पावसाळा संपेपर्यंत पुरल्या. समुद्र उघडला तेव्हा माझा नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायला लागला, शेजारणीच्या नवऱ्याच्याच.

पुढच्या मेमध्ये भावोजी चांगले आधीच येऊन बसले, गाडी करून. आता मला वाटलं, होडीच नाही तर मान कशाचा? पण होड्या काढायच्या दिवशी त्यांनी देवघराशेजारची ती नाळ किनाऱ्यावर नेली. हाताएवढं लाकूड. तिला तो जाड दोर बांधला. वाळूवर ओंडके टाकले. भावोजींनी पहिला हात लावला आणि मागे सगळी वाडी रांगेने उभी राहून ते लाकूड ओढायला लागली. माझा नवरा भावोजींच्या मागे, दुसरा. कुणी हसलं नाही. लाकूड वाळूवरून घसपटत वर आलं, नारळ फुटला, काकांनी गाऱ्हाणं घातलं आणि सगळे म्हणाले, होय म्हाराजा.

मी ओंडका उचलला नव्हता. त्या वर्षीही नाही आणि त्यानंतरही नाही. माडाखाली उभी होते. नाळ बागेत आणून ठेवल्यावर बायका एकेक करून पाया पडायला गेल्या. माझा नवरा मात्र माझ्याकडे आला. घामाने भिजलेला. आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला,

"आपल्या होडयेची एखादी फळी ठेवलंस काय गो खंय?"

इतक्या महिन्यांत त्याने होडीचं नाव काढलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"नाय," मी म्हटलं. "सगळ्यो जाळलंय."

पावसाळाभर त्याच फळ्यांवर तापलेल्या पाण्याने त्याने रोज अंघोळ केली होती. डांबराचा वास घरभर असायचा. तेव्हा एकदाही विचारलं नाही, एकदाही 'ही राहू दे' म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी चुलीतून ओढून काढली असती. हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून नाही सांगितलं, आणि माझाच मला आणखी राग आला.

त्याने मान हलवली, पंच्याने तोंड पुसलं आणि परत दोराकडे गेला. बाकीच्यांच्या होड्या अजून काढायच्या होत्या.